वाढत्या मापाची रॅकेट



गेल्या रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला शोधत होतो, तेवढ्यात गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला असलेले एक बंधू जवळ आले. बरोबर त्यांची धाकटी, वय वर्षे अकरा. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी तिचा खेळ पाहून तिला टेनिसच्या सरावाला पाठवायला सांगितले आहे. गेले चार महिने ती दुसऱ्यांच्या रॅकेटीवर खेळते आहे.

"सर, हिला रॅकेट घ्यायची हाय. तुमी लिवता-बिवता, चार ठिकाणी हिंडता, म्हणून इचारतो. कुठली घिऊ?"

आम्ही म्हटले, "काही पाहिली आहे का?"

"पाहिलीय की. आमच्या कारखान्यातल्या एका सायबाच्या पोराची हाय, वापरलेली. बाराशेला देतो म्हणाला. जरा मोठी हाय, जड हाय, पण हिचं वाढतं अंग हाय. पाच वर्सं परत बघायला नको."

वाचक बंधू-भगिनींनो, त्या शेवटच्या वाक्याने आमच्या पोटात कालवले. कारण हेच वाक्य एके काळी आम्ही स्वतः बोललो होतो, आमच्याच थोरल्या मुलीच्या बाबतीत. आणि त्याची किंमत तिच्या कोपराने मोजली होती. म्हणून या आठवड्याचे सदर रॅकेटीवर. काही वाचक म्हणतील, आपल्या साप्ताहिकात टेनिस कशाला? शिष्यवृत्तीचे फॉर्म, मुलींची लग्ने, घरकुलाचे हप्ते एवढे विषय पडले असताना हा साहेबी खेळ कुठून आणला? थोडे थांबा. त्याचेही उत्तर पुढे येईल.

आपल्या घरांत "वाढत्या मापाचे" घेण्याची एक रीत आहे. जूनमध्ये शाळेचा गणवेश घ्यायचा तो दोन बोटे लांब, बाह्या दुमडून घालायच्या. बूट घ्यायचे ते पुढे कापूस भरून. पैसा एकदाच असतो, मूल मात्र दरवर्षी वाढते, तेव्हा या रीतीत शहाणपण आहेच. पण रॅकेट म्हणजे सदरा नव्हे. सदरा सैल असला तर मुलाला चिडवतात, एवढेच होते. रॅकेट मोठी आणि जड असली तर प्रत्येक फटक्याला तिचा भार मनगटावर आणि कोपरावर येतो. मुलगी दिवसाला तीन-चारशे फटके मारत असेल, तर तितक्या वेळा येतो. आमच्या मुलीला आम्ही जुन्या बाजारातून पूर्ण मापाची रॅकेट घेऊन दिली. तिला ती पेलेना, म्हणून ती दोन्ही हातांनी, मुठीच्या बरीच वर धरून खेळू लागली. आम्हाला वाटले, ही तिची ढब आहे. सहा महिन्यांत उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले. पोळ्या लाटताना दुखे, दप्तर उचलताना दुखे. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितले. तो जो बंद झाला तो झालाच. दुखणे बरे झाले, पण तोवर तिच्या बरोबरीच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या.

या दुखण्याला "टेनिस एल्बो" म्हणतात. नावात टेनिस असले तरी ते आपल्याकडे घरोघरी सापडते. चार घरची धुणी पिळणाऱ्या आयाबायांना होते, सुतारांना होते, दिवसभर पाना फिरवणाऱ्या फिटरला होते. मनगट आणि बोटे मागे खेचणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात तिथे रोजच्या ताणाने इजा होते. आईच्या कोपराला धुण्याने आणि मुलीच्या कोपराला रॅकेटीने, असे एकाच घरात दोन कोपर दुखायला नकोत.

तेव्हा मुलासाठी रॅकेट घेताना पहिला प्रश्न खेळण्याच्या पद्धतीचा नसून मापाचा असतो. मोठ्यांची रॅकेट 27 इंच लांब असते. मुलांच्या 19, 21, 23, 25 आणि 26 इंचांच्या मिळतात. चार ते सहा वर्षांच्या पोराला 21, सहा ते आठला 23, आठ ते दहाला 25, आणि दहा ते बारापर्यंत 26, असा साधारण हिशेब. पण वयापेक्षा उंची पाहावी. आपल्या मुलांची चण काही वेळा लहान असते. सोपी खूण अशी: मूल सरळ उभे करा, रॅकेट मुठीत धरून हात बाजूला सरळ खाली सोडायला सांगा. टोक जमिनीला जेमतेम लागले किंवा थोडे वर राहिले तर माप बरोबर. टोक जमिनीवर टेकून कोपर वाकवावे लागले तर रॅकेट मोठी.

हे सगळे त्या बंधूंना विहाराच्या पायरीवर बसून सांगत होतो. ते म्हणाले, "म्हंजे सर, हातोड्यागत." आम्ही म्हटले, कसे? तर म्हणाले, "नव्या पोराला आमी पयल्या दिवशी मोठा घण देत न्हाई. त्याचा हात बसंस्तवर हलका. न्हाईतर खांदा जातो." याहून चांगला दाखला आम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. पुढचे आम्ही त्यांच्याच भाषेत सांगितले, आणि इथेही तसेच सांगतो.

हातोडा हातात घेतला की तो नुसता किती जड एवढेच आपण पाहत नाही. वजन कुठे आहे तेही हाताला कळते. डोक्याकडे वजन असले की घाव जोरात बसतो, पण तो उचलून पुन्हा फिरवायला वेळ लागतो. दांड्याकडे वजन असले की हात चपळ चालतो. रॅकेटीचेही हेच आहे. पूर्ण मापाची रॅकेट सुमारे 68.5 सेंटिमीटर लांब असते, म्हणजे मध्य 34 सेंटिमीटरच्या किंचित पुढे आला. ती एका बोटावर आडवी तोलून पाहा. तोल मध्याच्या मुठीकडच्या बाजूला साधला तर डोके हलके, डोक्याकडच्या बाजूला साधला तर डोके जड. जाळीजवळ उभे राहून येईल तो चेंडू झटकन परतवणाऱ्या, विशेषतः दुहेरीत खेळणाऱ्या माणसाला डोक्याला हलकी रॅकेट सोयीची. ज्याच्या हातात फार जोर नाही आणि जो मागच्या रेषेवरून सावकाश, लांब फटके मारतो, त्याला एकूण वजनाने हलकी पण डोक्याकडे थोडी भारलेली रॅकेट मदत करते.

वजनाचे आकडे सांगायचे तर, लाकडी रॅकेटींच्या जमान्यात 370 ते 400 ग्रॅमची रॅकेट सर्रास असे. आता कार्बनच्या तंतूंची, म्हणजे ज्याला दुकानदार ग्रॅफाइट म्हणतात ती, साधारण 260 ते 320 ग्रॅममध्ये येते. नवशिक्याने 260 ते 285 च्या दरम्यान राहावे. जड रॅकेटीचा गुण असा की समोरून जोरात आलेल्या चेंडूने ती मुठीत फिरत नाही, हलत नाही आणि कोपराला हादरा कमी देते. हलकी फिरवायला सोपी, पण जोराच्या चेंडूपुढे डगमगते. म्हणजे हलकी तेवढी चांगली असेही नाही. हाताला जेवढी शेवटच्या गेमपर्यंत पेलते तेवढी जड घ्यावी. दुकानात दोन मिनिटे फिरवून सगळ्याच हलक्या वाटतात, तासाभराने त्यातली खरी जड कोणती ते कळते. आणि एक बारीक गोष्ट: रॅकेटीवर छापलेले वजन बहुधा जाळीविना असते. जाळी चढली की पंधरा-सतरा ग्रॅम वाढतात.

डोक्याचा आकार चौरस इंचांत मोजतात. लाकडी रॅकेटीचे डोके पासष्ट-सत्तर चौरस इंचांचे असे. 1976 साली हॉवर्ड हेड या अमेरिकन माणसाने प्रिन्स कंपनीची मोठ्या डोक्याची रॅकेट बाजारात आणली तेव्हा लोक हसले. पण चेंडू अगदी मध्यावर लागला नाही तरी बरा जातो, हे पाहून नवशिके, म्हातारे, पोरे सगळे तिच्यामागे गेले. आज 100 चौरस इंच हे मधले माप समजा. नवशिक्याला 100 ते 105 बरे, वयस्कर माणसाला 110 सुद्धा. चेंडू नेमका मारणाऱ्या, हात बसलेल्या खेळाडूला 95 ते 98 आवडते, कारण लहान डोक्याची रॅकेट मुठीत अधिक काबूत वाटते. पण रॉजर फेडररसारखा खेळाडूही वर्षानुवर्षे 90 ची वापरून 2014 साली 97 वर आला, हे छोट्या डोक्याचा तोरा मिरवणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवावे.

मुठीचे मापही पाहायचे. मुठीभोवती बोटे गुंडाळल्यावर बोटांची टोके आणि तळहाताचा फुगवटा यांच्यात दुसऱ्या हाताची करंगळीशेजारची दोन बोटे न टाकता फक्त एक बोट जेमतेम मावले पाहिजे. मावलेच नाही तर मूठ बारीक, आणि मग ती घट्ट आवळून धरावी लागते. तिथूनच कोपराचे दुखणे सुरू होते. बारीक मुठीवर पट्टी गुंडाळून ती जाड करता येते. जाड मूठ बारीक करणे अवघड. म्हणून अडलेच तर बारीक घ्यावी. वाढत्या मापाचा आपला हिशेब इथे नेमका उलटा होतो.

आता जाळीकडे येऊ. हा भाग आम्हाला फार आवडतो. इचलकरंजीच्या मागावर काम केलेल्या माणसाला तो समजावून सांगावाच लागत नाही. उभ्या तारा म्हणजे ताणा, आडव्या म्हणजे बाणा. सोळा उभ्या आणि एकोणीस आडव्या अशी विरळ वीण असली की चेंडू तारांत रुततो, तारा सरकून परत येतात आणि चेंडूला पुढच्या दिशेने गरगर फिरकी मिळते. अठरा उभ्या आणि वीस आडव्या अशी दाट वीण असली की फिरकी थोडी कमी, पण चेंडू सरळ, सांगितल्या जागी जातो, आणि तारा जास्त दिवस टिकतात. खालून वर घासून चेंडू उंच उडवणाऱ्याने विरळ वीण घ्यावी. सपाट, सरळसोट मारणाऱ्याने दाट.

ताण पौंडांत मोजतात. पन्नास ते साठ पौंड हा मोठ्यांचा नेहमीचा ताण, मुलांना त्याहून कमी. ढिल्या जाळीवरून चेंडू बाजेवरून उडावा तसा लांब उडतो, ताठ जाळीवरून उडी कमी आणि ताबा जास्त. स्वीडनचा ब्योर्न बोर्ग लाकडी रॅकेटीवर सुमारे 80 पौंडांचा ताण देत असे. रात्री हॉटेलच्या खोलीत ठेवलेल्या त्याच्या रॅकेटींच्या तारा आपोआप फटाफट तुटत. ते त्यालाच शोभले, आपल्या लेकरांना नको. पॉलिएस्टरच्या कडक तारा तर मुलांच्या रॅकेटीला मुळीच घालू नयेत, दुकानदार "खूप टिकते" म्हणाला तरी. त्या टिकतात खऱ्या, पण हादरा सगळा कोपराला देतात. साधी नायलॉनची मऊ जाळी पुरे.

जाळी बसवण्याला दुकानात "गटिंग" म्हणतात. हा गट म्हणजे आतडे. उत्तम प्रतीची जाळी आजही गाईच्या आतड्यापासून करतात, आणि कित्येक नामवंत खेळाडू ती वापरतात. आमच्या मनात नेहमी येते: मेलेल्या ढोराच्या आतड्याला हात लावणारा माणूस गावाबाहेर, आणि त्याच आतड्याची जाळी लावून खेळणारा साहेब मात्र जिमखान्याच्या आत. मेरठला क्रिकेटचे चेंडू शिवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने जाटव बांधवांचे. सामान आपण करायचे आणि खेळ दुसऱ्यांनी खेळायचा!

इथेच आम्ही वर राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. हा साहेबी खेळ आपल्याला कशाला?

पळवणकर बाळू हे नाव आपल्या जुन्या मंडळींना माहीत असेल. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात नोकर होता. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, आणि सरावात ग्रेग साहेबाला तासन्‌तास गोलंदाजी करायची. 1911 साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा या माणसाने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्याच्या क्लबात इतकी वर्षे काढून सरावात त्यांच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे मजुरीचे काम, बॅट धरणे हा मालकाचा मान. चहासुद्धा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. पुढे 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, तो भाग वेगळा. त्याने त्यांच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल 1923 साली हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले, ते अनेक वर्षे हा मान नाकारला गेल्यानंतर.

टेनिसमध्ये हीच गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या बांधवांची. अल्थिया गिब्सन ही शेतमजुराच्या घरची, 1927 साली जन्मलेली मुलगी. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रस्त्यावर पॅडल टेनिस खेळणाऱ्या या पोरीला वस्तीतल्याच एका वादकाने जुनी रॅकेट आणून दिली. 1957 साली तिने विम्बल्डन जिंकले, 1958 साली पुन्हा. आर्थर ॲशचे वडील रिचमंड शहरातल्या काळ्यांसाठीच्या मैदानाचे राखणदार. गोऱ्यांच्या कोर्टावर या मुलाला बंदी होती.

आर्थर ॲशची एक गोष्ट आमच्या विषयाला अगदी लागू पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 5 जुलै 1975. विम्बल्डनची अंतिम लढत. समोर जिमी कॉनर्स, आदल्या वर्षीचा विजेता, बावीस वर्षांचा. त्याच्या हातात विल्सनची पोलादी रॅकेट, टी-2000. तिच्यातून चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा सुटे. पण तिच्यावर मध्याची नेमकी जागा लहान. इतरांना ती वश होत नसे, कॉनर्सला झाली, कारण तो सपाट आणि लवकर मारायचा आणि समोरच्याच्या जोरावर आपला जोर उभा करायचा. ॲश तेव्हा एकतीस वर्षांचा होता, आणि त्याचा स्वभावही जोराचाच खेळ करण्याचा. सगळ्यांना वाटले, तो चिरडला जाणार. ॲशने त्या दिवशी काय केले? त्याने जोर द्यायचेच बंद केले. हळू, कापलेले, पायाजवळ मरणारे चेंडू. मध्येच डोक्यावरून उंच. त्याच्या हातात हेड कंपनीची ॲल्युमिनियम आणि फायबर ग्लास एकत्र केलेली रॅकेट होती, पोलादाहून मवाळ. कॉनर्सला उधार घ्यायला जोर मिळेना, मऊ चेंडू स्वतःच्या ताकदीने मारताना तो जाळीत जाऊ लागला. 6-1, 6-1, 5-7, 6-4. विम्बल्डनची पुरुषांची एकेरी जिंकणारा पहिला काळा खेळाडू. खासबागेत कुस्ती पाहिलेल्या कोल्हापूरकराला यात नवे काही नाही. रेटून येणाऱ्या मल्लाला रेटा न देता बाजूला होऊन त्याच्याच वजनाने खाली आणायचे, तसलाच हा डाव.

आणि लांब कशाला जायचे? 2022 साली विम्बल्डनच्या हिरवळीवर चौदा वर्षांखालील मुलींची स्पर्धा प्रथमच भरली, तीत आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव खेळली. नेमबाजीत तेजस्विनी सावंत 2010 साली जगज्जेती झाली, स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. दोघेही याच जिल्ह्याचे. 1952 साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले, हे या शहरात पोरासोरांना पाठ आहे. शाहू महाराजांच्या या गावात खेळाला पैसा लागतो आणि तो कुणीतरी उभा करायचा असतो, याचे कुणाला नवल वाटत नाही.

पण पैशाचे गणित तर करायलाच हवे. नामांकित रॅकेटी पंधरा-वीस हजारांपर्यंत जातात. अकरा वर्षांच्या मुलीला त्यांची काही गरज नाही. तिला ॲल्युमिनियमची किंवा ॲल्युमिनियम-ग्रॅफाइट मिश्र, 26 इंची रॅकेट पुरते, आणि ती त्या किमतीच्या अगदी लहान हिश्श्यात मिळते. शिवाय मुलांच्या रॅकेटी लवकर आखूड पडतात, त्यामुळे ज्यांची मुले मोठी झाली त्यांच्याकडे त्या चांगल्या स्थितीत पडून असतात. वापरलेली घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा चुकीच्या मापाची घेण्यात आहे. फक्त घेताना मडके घेतल्यासारखी वाजवून घ्यावी. चौकटीवर बोटाच्या पेराने टिचकी मारत गोल फिरायचे. आवाज एखाद्या जागी भदभदा आला तर तडा आहे. कानाजवळ हलवावी, आत काही खुळखुळले तर सोडून द्यावी. तारा जिथून ओवल्या आहेत ती प्लॅस्टिकची भोके झिजलेली असली तर नवी तार तिथेच तुटणार.

खेळण्याच्या पद्धतीचे म्हणाल तर, लहान मुलांना पद्धत नसते, सवयी असतात. बारा-तेरापर्यंत तिला हवे तसे खेळू द्यावे. मग मार्गदर्शकांना विचारावे: ही मागे राहून चेंडू उडवते की पुढे धावते? जोर आहे की नजर आहे? आपले रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले ते जोरावर नव्हे, मऊ हातावर आणि नेमक्या जागेवर. अशा हाताच्या मुलाला जोराची, जाड चौकटीची रॅकेट दिली तर चेंडू सारखा बाहेर जाईल आणि लोक म्हणतील, पोरगं बिघडलं. जोर कमी असलेल्या मुलाला पातळ चौकटीची, काबूची रॅकेट दिली तर चेंडू जाळीपार जाणार नाही. ज्यात कमी आहे ते रॅकेटीकडून घ्यावे, असा आमचा साधा अंदाज. पण टेलिव्हिजनवर पाहून नदालची रॅकेट मागणाऱ्या मुलाला नदालचा दंड आधी दाखवावा.

बोलता बोलता विहार रिकामे झाले. मुलगी इतका वेळ गप्प होती. आम्ही तिला विचारले, "बाळ, तुला कसं खेळायला आवडतं?"

ती म्हणाली, "काका, मला पुढं जाऊन मारायला आवडतंय. पण ती दुसरीची रॅकेट लई जड हाय, म्हणून मागंच थांबते."

बाप तिच्याकडे पाहत राहिला. त्याला वाटत होते, पोरगी भित्री आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, आम्ही तिघे बाजारात गेलो. दुकानदाराने आधी आम्हाला बॅडमिंटनच्या रॅकेटी दाखवल्या, मग स्वस्तातल्या. आम्ही काही बोललो नाही. मुलीने पाच रॅकेटी हात खाली सोडून पाहिल्या, दुकानाबाहेर फुटपाथवर जाऊन हवेत पंचवीस-पंचवीस वेळा फिरवल्या. बंधूंनी प्रत्येक रॅकेट बोटावर तोलली, डोळा मिटून चौकटीच्या कडेने पाहिले, टिचक्या मारल्या. ते असे काही करत होते की दुकानदारच हळूहळू त्यांना "मिस्त्री" म्हणू लागला. शेवटी 26 इंची, डोक्याला हलकी, साध्या नायलॉन जाळीची एक ठरली. बाराशेला मिळणाऱ्या साहेबाच्या रॅकेटीपेक्षा अडीचशे जास्त गेले, ते त्यांनी खिशातून काढताना एकदा मोजले आणि पुन्हा मोजले.

घरी ठेवायचे कसे, तेही सांगितले आहे, इथेही सांगतो. त्यांचे घर पत्र्याचे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर रॅकेट ठेवली तर उन्हाने जाळी ढिली पडते, म्हणून ती खाली, भिंतीला खिळा ठोकून लावायची. पावसात भिजली तर लगेच फडक्याने पुसायची. मुठीवरची पट्टी काळी, गुळगुळीत झाली की बदलायची, ती फार महाग नाही. आणि जाळी आठवड्यातून जितके दिवस खेळ तितक्या वेळा वर्षातून नवी करायची, असा जुन्या खेळाडूंचा हिशेब आहे. तेवढे जमले नाही तरी तार तुटेपर्यंत वाट पाहू नये, मेलेली जाळीही कोपर दुखवते. आमच्या थोरलीला ही हकिकत फोनवर सांगितली. ती म्हणाली, "दादा, तिची मूठ मोजलीत ना?" मोजली होती. एक बोट जेमतेम बसत होते.